तिसरा सिलिंडर मिस: जुन्या चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरच्या कामाच्या नोंदी

यंत्र: चार सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, पाण्यावर थंड होणारं इंजिन. इनलाइन डिझेल पंप, मेकॅनिकल गव्हर्नर, ऑइल बाथ एअर क्लीनर. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पहिला सिलिंडर पंख्याकडचा. ट्रॅक्टर पंचवीस वर्षांवरचा, तासांचा मीटर कधीचाच बंद. गाव दारव्हा तालुक्यात. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग) आणि हेडचं (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) काम यवतमाळला.

तक्रार: सकाळी भकाभक पांढरा धूर, आयडलला इंजिन लंगडतं, रोटाव्हेटर टेकवला की दम टाकतं. पेरणीच्या आधी वखरणी उरकायची आहे.

५ मे

सकाळी सहाला सावलीत २९ अंश. आपल्याकडे मे महिन्यात ‘थंड इंजिन’ म्हणजे तसं थंड नसतंच. तरीही मिस मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल पेटत नाही; दोष किरकोळ नाही. मालक सांगतात की डिसेंबरात उतारावर लावूनच चालू करावं लागे. ते याच्याशी जुळतं.

धूर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. रेडिएटरचं झाकण काढून चालू ठेवलं तर बुडबुडे नाहीत, पाण्याची पातळीही उतरत नाही. म्हणजे ही वाफ नव्हे, न जळलेलं डिझेल आहे. निळा धूर नाही. घड्याळ लावून पाहिलं: धूर जायला १२ मिनिटं. पुढच्या प्रत्येक कामानंतर हाच आकडा पुन्हा घ्यायचा आहे, नाहीतर कशाने किती फरक पडला ते शेवटी कळत नाही.

ऑइलची पट्टी वरच्या खुणेच्याही वर. कोणी ऑइल टाकलेलं नाही. पट्टीला डिझेलचा वास येतोय. न जळलेलं डिझेल लाइनर (सिलिंडरची आतली नळी) धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतंय. अशा पातळ ऑइलवर वावरात काम केलं तर बेअरिंग जातील, म्हणून ट्रॅक्टर तपासणीपुरताच चालू करायचा. ऑइल आत्ता बदलण्यात अर्थ नाही, दोष निघेपर्यंत ते पुन्हा पातळ होणार.

आमच्याकडे येण्याआधी दोन्ही डिझेल फिल्टर, फीड पंपाची जाळी आणि वायसर बदलून झाले होते. १,४०० रुपये, फरक शून्य. फिल्टर आणि फीड पंप चारही सिलिंडरना सामाईक आहेत. तिथे हवा धरली किंवा कचरा अडकला तर इंजिन चढउतार करतं, अडखळतं, बंद पडतं. ठरावीक ठेक्यावर एकच ठोका गळत असेल तर दोष एकाच सिलिंडरच्या वाटेवर असतो. तरी खात्रीसाठी ओव्हरफ्लोला (जादा डिझेल परत जातं त्या वाटेला) पारदर्शक नळी लावली. बुडबुडे दिसले नाहीत.

६ मे

सिलिंडर शोधणे. आयडलवर एकेका नोझलकडचा हायप्रेशर पाइपचा नट १७ च्या पान्याने अर्धा ते एक आटा सैल करायचा. नटावर फडकं, डोळ्यांवर चष्मा, बोट किंवा तळहात फवाऱ्यासमोर अजिबात नाही. या दाबाचं डिझेल कातडीखाली घुसतं. वरून टाचणीएवढी जखम दिसते, आतून हात सडतो.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबता येत नाही. क्रँक पुलीला चमकती पट्टी चिकटवून हातातल्या टॅकोमीटरने मोजलं. आयडल मिनिटाला ७०० फेरे. पहिला तोडल्यावर (नट सैल केल्यावर) ७० ने उतरलं, दुसरा ६५, चौथा ७५. तिसरा तोडला तर काहीच नाही. गव्हर्नर लगेच डिझेल वाढवून फेरे भरून काढतो, म्हणून आकडा नट सैल केल्याच्या पहिल्या दोन सेकंदांतलाच धरायचा. नंतरचं मोजमाप फसवं.

पडताळा म्हणून चालू केल्यापासून तीन मिनिटांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणारं नळकांडं) चारही तोंडांचं तापमान: ११०, १०५, ६०, ११५. तापमापक बंदूक नसेल तर ओल्या फडक्याचे थेंब टाका. चुर्रकन उडत नाही तो थंडा सिलिंडर. सकाळीच करा. दुपारी उन्हात लोखंड आधीच इतकं तापतं की फरक कळत नाही.

७ मे

गावात एव्हाना निदान होऊन गेलं होतं: “पंप गेला.” इंजिन लंगडलं की पंपावर आळ येतो, आणि पंप तपासणीच्या बाकावर गेला की कॅलिब्रेशनचे हजारो रुपये गेलेच. तो उघडायच्या आधी दोन साध्या चाचण्या ४० रुपयांत होतात.

पहिली, डिझेल सगळीकडे सारखं जातंय का. चारही पाइप नोझलकडून सोडून वळवले, प्रत्येकाखाली दवाखान्यातली १० मिलीची सिरिंज, दट्ट्या काढून टोक मेणाने बंद. थ्रॉटल पूर्ण. स्टार्टर १५ सेकंद, मग एक मिनिट विसावा, असं चारदा. मिळालं: ६.२, ६.०, ६.०, ६.४ मिली. हे कॅलिब्रेशन नव्हे, पण तिसऱ्याचं एलिमेंट (पंपात त्या सिलिंडरसाठी डिझेल दाबणारा भाग) मेलेलं नाही किंवा त्याची स्प्रिंग तुटलेली नाही एवढं पक्कं.

दुसरी, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, म्हणजे पंपातून डिझेल पाइपात सोडणारी झडप. पंपाकडचा पाइप काढला, स्टॉप ओढून ठेवला आणि फीड पंपाचा हातदट्ट्या मारला. डिलिव्हरी होल्डरच्या तोंडाशी डिझेल पाझरलं तर त्या व्हॉल्व्हची सीट (तो टेकून बंद होतो ती जागा) गेलेली. तिसऱ्याचं तोंड कोरडं राहिलं.

पंप जागचा हलवला नाही.

८ मे

नोझल काढणे. तिसरं कार्बनमध्ये जाम. आदल्या संध्याकाळी भोवती गंज सोडवणारं तेल टाकून ठेवलं होतं. होल्डर पान्याने डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत वर घेतला. पेचकस घालून उचकटू नका. होल्डर वाकतो आणि हेडची कड तुटते.

नोझल निघालं की भोकात तांब्याचा वायसर शिल्लक राहिला का हे तारेने मोजून पाहावं. चारही भोकांची खोली मोजली. तिसऱ्याची दोन मिलिमीटर कमी भरली. जुना वायसर तळाला चिकटलेला, त्यावर कधीतरी नवा बसवलेला. दोन वायसरमुळे नोझलचं टोक वर राहतं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत पडण्याऐवजी काठावर, हेडवर मारतो. असं डिझेल जळत नाही, थापून बसतं. जुना वायसर काढायला उतरत्या टोकाचा टॅप हाताने हलका अडकवून ओढला. टॅपच्या आट्यांत ग्रीस भरलं होतं, म्हणजे कपची त्यालाच चिकटते. मग भोक फडक्याने पुसून, नोझल न बसवता स्टार्टरने इंजिन फिरवलं. सुटलेला कार्बन बाहेर उडतो. भोकासमोर कोणी उभं राहू नये.

आता अदलाबदल: तिसऱ्याचं नोझल दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात, चारही ठिकाणी नवा, एकच वायसर.

निकाल सरळ आला नाही. तिसरा मिस मारतोच, मात्र आधीपेक्षा कमी. दुसरा मिस मारत नाही, पण ठोके देऊ लागला आणि धूर सोडतोय. याचा अर्थ नोझलही खराब आहे आणि सिलिंडरही. दुसऱ्यात कॉम्प्रेशन (पिस्टनने हवा दाबून येणारा दाब) चांगलं, म्हणून वाईट फवाराही कसाबसा पेटतो. तिसऱ्यात चांगलं नोझल देऊनही पेट पुरत नाही. अदलाबदलीनंतर दोष ‘नोझलबरोबर गेला’ किंवा ‘जागीच राहिला’ एवढीच दोन उत्तरं धरून बसलं की इथे गाडी अडते. दोष दोन वाटांनी विभागला जाऊ शकतो.

११ मे

पंपरूममध्ये चारही नोझल बाकावर. या इंजिनाला २०० किलो (दर चौरस सेंटिमीटर) दाब हवा. आढळला: १९०, १८५, १५०, १९०. १५० वालं मूळ तिसऱ्याचं. चारपैकी एक छिद्र बुजलेलं, आणि दाब धरून ठेवला की टोकाशी थेंब जमतो. ते नवं घेतलं, ६५० रुपये. बाकीची तीन साफ करून शिम (पातळ चकत्या) टाकून २०० वर आणली, चारही नोझलांची टेस्टिंग-सेटिंग ६००. वायसर ८० रुपये.

बाकावर आवाजही ऐकावा. चांगलं नोझल हळू दट्ट्या मारला तर ‘किर्र’ करतं. मुकं नोझल दाब बरोबर दाखवेल, पण फवारा बारीक करणार नाही.

१२ मे

बसवलं. क्लँपचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एक बाजू आधी पूर्ण कसली तर होल्डर तिरका बसतो आणि वायसरकडून गॅस फुसफुसतो. साबणाचं पाणी टाकून पाहिलं, बुडबुडा नाही.

धूर आता ७ मिनिटं. तिसरा तोडल्यावर ३० फेरे उतरतात, बाकीचे ७० च्या आसपास. अर्धं काम झालं. इथेच थांबून ट्रॅक्टर वावरात न्यायची घाई मालकाला होती. ऑइलमध्ये डिझेल उतरतच राहणार हे पट्टी दाखवून पटवावं लागलं.

१४ मे

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप. पहाटे, रात्रभर सावलीत ठेवलेल्या इंजिनावर. या इंजिनाला थंडपणी सगळीकडे ०.३० मिमी गॅप. चार सिलिंडरच्या, १-३-४-२ च्या इंजिनात दुसऱ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलत असतात, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा तिसरा कॉम्प्रेशनच्या टोकावर असतो. तसंच पहिला आणि चौथा एकमेकांचे जोडीदार.

सापडलं: इनटेक सगळे ०.२० ते ०.२५. एक्झॉस्ट पहिला ०.१०. एक्झॉस्ट तिसऱ्यात ०.०५ ची मापाची पातीही शिरेना.

मालक म्हणाले, “टॅपेट लय वाजत होते, म्हून मागच्या दिवाळीत कसून घेतले.” झालं ते इथे झालं. व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला तर थंड व्हायला दुसरी वाटच फारशी नाही. गॅप शून्य असेल तर इंजिन तापल्यावर दांडी लांबते, व्हॉल्व्ह अधांतरी राहतो, त्या फटीतून पेटता गॅस जातो आणि कड जळते. थोडी टकटक करणाऱ्या टॅपेटने कोणाचं इंजिन गेलेलं नाही.

आवाजाचं खरं कारण रॉकरच्या तोंडाला पडलेला खड्डा. सपाट पाती खड्ड्यावर पूल टाकते, म्हणून पातीने ०.३० आलं तरी खरा गॅप जास्त असतो आणि वाजतो. उपाय रॉकरचं तोंड घासून गोल करणं. स्क्रू कसणं हा उपाय नाही.

सगळे ०.३० वर. धूर ५ मिनिटं, तिसऱ्याचा उतार ४५. गॅप सुधारून पूर्ण दाब आला असता तर कड शाबूत म्हणता आलं असतं. तसं दिसत नाही.

१५ मे

कॉम्प्रेशन. पेट्रोल गाडीचा गेज लावू नका, फुटेल; डिझेलला निदान ४० किलोचा हवा. आमचा अॅडॉप्टर जुन्या होल्डरमधून लेथवर करून घेतलेला, नळी थोडी लांब. त्यामुळे सगळेच आकडे जरा कमी येतात. आकडा नव्हे, आकड्यांतला फरक वाचायचा. बॅटरी पूर्ण भरलेली, चारही नोझल बाहेर, स्टॉप ओढलेला.

२७, २६, १९, २६.५.

इथे बरेच मिस्त्री भोकातून ऑइल टाकून पुन्हा मोजतात: वाढलं तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. डायरेक्ट इंजेक्शनच्या डिझेलमध्ये ही चाचणी घात करते. पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा इतकी कमी असते की त्यात ऑइल भरलं तर नुसत्या भरावानेच दाब वाढतो, आणि ‘रिंगा गेल्या’ असं खोटं उत्तर मिळतं. त्या एका उत्तरावर लाइनर-पिस्टनचा सेट विकला जातो.

त्याऐवजी हवा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर, ५ किलो. दिवसा लाइट नव्हती, काम संध्याकाळवर गेलं. तिसरा कॉम्प्रेशनच्या टोकावर आणला, ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये, ब्रेक लॉक. नाहीतर हवेने क्रँक फिरतो आणि पंख्यात हात जातो. मग ऐकायचं. एअर क्लीनरच्या पाइपात फुसफुस आली तर इनटेक, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या भोकात आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग किंवा तडा.

सायलेन्सर स्पष्ट फुसफुसतोय. ऑइलच्या भोकात अगदी बारीक सूं, जी शेजारच्या चांगल्या सिलिंडरमध्येही तेवढीच आहे. हेड काढायचं ठरलं. लाइनरला हात नाही.

१७ मे

हेड काढलं. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचले. बोल्ट टोकांकडून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सैल.

तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा जळून खाच. पहिल्याच्या कडेवर ठिपके पडू लागलेले. तिसऱ्याचं गाइडही (दांडी सरकते ती नळी) सैल, दांडी हाताला हलते. हेडच्या पाण्याच्या वाटांत, नेमक्या एक्झॉस्ट सीटभोवती, पांढरा खडक बसलेला. वर्षानुवर्षं बोअरचं क्षाराचं पाणी. कसलेल्या टॅपेटने सुरू केलेलं काम या क्षाराने पुरं केलं असणार.

लाइनरला होनिंगच्या (नवा असताना घासून पाडलेल्या) रेघा अजून दिसतात, वरच्या कडेला नखाला अडेल असा खाचा नाही. “उघडलंच आहे तर लाइनर-पिस्टनही टाकून घ्या” हा सल्ला बघायला आलेल्या प्रत्येकाने दिला. तिन्ही चांगल्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन २६ किंवा त्याहून वर असताना तो खर्च कशासाठी?

२२ मे

हेड परत आलं. लग्नसराईत लेथवाल्याकडे माणूस नव्हता, त्यात दिवस गेले. आठही सीट कापल्या, एक गाइड बदललं, क्षार खरवडून काढला: २,२०० रुपये. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ६४०. हेडवर सरळपट्टी लावली, ०.१० ची पाती कुठे शिरली नाही, म्हणून फेसिंग (तळ सपाट घासणं) केलं नाही. सीट कापल्यावर व्हॉल्व्ह किती आत गेले ते व्हर्नियरने मोजलं. जास्त आत गेले तर कॉम्प्रेशन कायमचं कमी होतं आणि नवी सीट ठोकावी लागते. इथे मर्यादेत होते.

घेण्याआधी केरोसीनची चाचणी आपल्यासमोर. हेड आडवं करून एकेका पोर्टमध्ये केरोसीन भरलं, दहा मिनिटं थांबलो. पहिल्याचा इनटेक पाझरला. बारीक पेस्टने पुन्हा घासल्यावर कोरडा. ही चाचणी घरी येऊन केली असती तर यवतमाळची फेरी पडली असती.

२४ मे

ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतलं पाणी-ऑइल सिरिंजने ओढून काढलं, फडक्याने कोरडं केलं. बंद भोकात ऑइल राहिलं आणि वरून बोल्ट कसला तर ब्लॉकला तडा जातो. वर टॉर्क बरोबर दिसतो, पॅकिंग मात्र दबलेलं नसतं. पॅकिंग कोरडंच बसवलं, ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर. बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत. वरचा पॅकिंग सेट १,३५०. ऑइल २,३००, ऑइल फिल्टर २५०. आरओचं पाणी आणि कूलंट, ९००.

टॅपेट ०.३०, नोझल बसवली, एअर काढली.

२५ मे

पहाटे पहिला स्टार्ट. धूर एका मिनिटात गेला. तिसरा तोडल्यावर ७० फेरे उतरतात. कॉम्प्रेशन पुन्हा मोजलं: २७, २६, २६, २६.५. मॅनिफोल्डची चारही तोंडं जवळपास सारखी तापतात.

सिरिंजचे ४० धरून एकूण खर्च ९,०१० रुपये. आधीच्या फिल्टरचे १,४०० यात नाहीत. पैशांच्या हिशेबाने पाहिलं तर टॅपेट तपासणं फुकट होतं आणि सिलिंडर सापडल्यावर सगळ्यात आधी करायला हवं होतं. क्रम पुन्हा लावायचा तर सिलिंडर शोधणे, टॅपेट, नोझल, कॉम्प्रेशन, हवा, असा लावावा.

दुपारी रोटाव्हेटरवर अर्धा एकर. दम टाकला नाही, काळा धूर फक्त वळणावर लोड आल्यावर, तोही विरळ.

१४ जून

मृगाच्या पहिल्या सरी झाल्या, ट्रॅक्टर पेरणीत आहे. साधारण ५० तास भरले. हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर घेतले, या इंजिनाला गरमपणी. एकेक बोल्ट पाव आटा सैल करून लगेच पुन्हा टॉर्कवर, त्याच क्रमाने. सगळे एकदम सैल करायचे नाहीत. पॅकिंग दबून हेड किंचित खाली बसतं, त्यामुळे टॅपेटचा गॅप कमी होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं तर बहुतेक ठिकाणी ०.२५ झाला होता. परत ०.३०. टॉर्क घेऊन टॅपेट तसेच सोडले तर तीच कड पुन्हा जळायला लागते.

ऑइलची पट्टी खुणेवर स्थिर, डिझेलचा वास नाही. रॉकरची तोंडं घासायची राहिली आहेत, ती सोयाबीन निघाल्यावर. तोवर टॅपेट वाजतील. ते कसायचे नाहीत असं मालकाला सांगितलं आहे आणि टॅपेट कव्हरवर खडूने लिहूनही ठेवलं आहे.